आईच्या ताटात काय कमी होतं? उतारवयात डोकं तल्लख ठेवणारा सोलापुरी आहार, पायरीपायरीनं

उखळात शेंगा कुटताना आईनं मीठ दोनदा टाकलं. एकदा लसूण-जिऱ्याबरोबर आणि पुन्हा एकदा चटणीला तेल सुटायला लागलं तेव्हा. चटणी तोंडात धरवेना. चाळीस वर्षं जी चटणी तिनं डोळे मिटून केली, तिचंच मीठ चुकलं. "वय झालंय की," ती म्हणाली आणि आम्हीही तेच म्हणालो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत दूध वरचेवर उतू जायला लागलं, शेजारच्या काकूंचं नाव तिला ऐनवेळी आठवेना, पायात मुंग्या येतात म्हणून ती रात्री उठून बसायला लागली. मग रक्त तपासलं. बी-12 जीवनसत्त्व होतं 138, म्हणजे अगदीच कमी.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, आम्ही तिचं ताट बदललं. पाच-सहा महिन्यांत मुंग्या गेल्या आणि विसरणंही बरंच आवरलं. सगळं गेलं नाही. ती 72 वर्षांची आहे, नावं अजून कधीकधी अडतात. पण ते दोन-तीन महिने आम्ही "वय झालं" म्हणून घालवले, याची बोचणी मला आजही आहे. तुमच्या घरी तसं होऊ नये, म्हणून हा लेख.

आपल्या भागातल्या स्वयंपाकघरात मेंदूला लागणारं बहुतेक सगळं आधीपासून आहे. ज्वारी, शेंगा, जवस, कारळं, हुलगा, चाकवत, ताक, सगळं आहे. तरी म्हाताऱ्या माणसाच्या पोटात ते पोचत नाही. घरात काय शिजतं ते आपण बघतो, त्या माणसानं त्यातलं किती खाल्लं ते बघत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. अमुक खाल्लं की स्मृतिभ्रंश होणारच नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं 2024 साली मांडलं, की जगातले स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के रुग्ण ज्या 14 कारणांशी जोडलेले आहेत, ती कारणं टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्यासारखी आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, दारू ही त्यातली पाच, आणि या पाचांचा संबंध थेट खाण्यापिण्याशी आहे. बाकीची कारणं, म्हणजे कमी ऐकू येणं, एकटेपणा, व्यायामाचा अभाव, तंबाखू, वगैरे, ताटाबाहेरची. म्हणजे आहारानं सगळं साधत नाही, पण बरंच साधतं.

पायरी 1: आठ दिवस वही लिहा

एक साधी वही घ्या. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आई-वडिलांच्या पोटात प्रत्यक्ष काय गेलं, ते लिहा. वाढलं किती आणि ताटात उरलं किती, हेही लिहा. गोळी कुठली, किती वाजता, पाणी किती पेले, तेही त्याच पानावर.

आईच्या वहीतलं पहिलं पान असं होतं: सकाळी चहा आणि दोन खारी. दुपारी दीड भाकरी, वांग्याची भाजी, चटणी. चारला चहा. रात्री चहात चुरलेली अर्धी भाकरी. दूध नाही, दही नाही, आमटी "नको, पोट जड होतं". घरात रोज पाव किलो दही विरजत होतं आणि ते आम्हीच संपवत होतो. वडील गेल्यापासून रात्री एकटीसाठी ताट वाढून घ्यायचं तिनं सोडूनच दिलं होतं, हे वही लिहिली तेव्हा कळलं.

अशी पानं सोलापुरात घरोघर निघतील. विडी वळता वळता नाहीतर मागावर उभं राहून, चहावर दिवस काढलेल्या पिढीला दोन वेळा बसून जेवायची सवयच लागलेली नसते. त्यांना रागावून उपयोग नाही, त्यांच्याबरोबर बसावं लागतं.

वहीच्या शेवटच्या पानावर वजन लिहा. सहा महिन्यांत मुद्दाम काही न करता तीन-चार किलो उतरलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचंच.

पायरी 2: रक्त तपासा, गोळ्यांची यादी काढा

आहार बदलायच्या आधी हे करा. बी-12, हिमोग्लोबिन, थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि ड जीवनसत्त्व. रक्तदाब तर मोजायचाच. थायरॉईड मंदावलं किंवा बी-12 उतरलं, तरी माणूस विसरायला लागतो, सुस्त होतो, चिडचिडतो, आणि या दोन्हींवर उपचार आहेत. बी-12 चा आकडा मिलीलिटरमागे 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर साधारणपणे कमतरता धरतात. 200 ते 300 च्या मध्ये असेल आणि मुंग्या, तोल जाणं, जीभ लाल होऊन झोंबणं असं काही असेल, तर "नॉर्मल आहे" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना नीट विचारा.

बी-12 मुख्यतः प्राणिज अन्नातूनच मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण. भाज्या-डाळींतून ते मिळत नाही. पुन्हा वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि खाल्लेलं बी-12 सुद्धा अंगी लागत नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल, किंवा रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतली जात असेल, तर ते आणखी उतरतं. आई आठ वर्षं मेटफॉर्मिनवर होती. शाकाहारी, 70 च्या पुढची, मधुमेही, ॲसिडिटीची गोळी घेणारी: या चारांतल्या दोन गोष्टी तुमच्या घरच्या माणसाला लागू पडत असतील, तर तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नका. गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत. मेटफॉर्मिनचं काम मोठं आहे. बी-12 वेगळं देता येतं.

दिवसाला साधारण सव्वादोन मायक्रोग्रॅम बी-12 लागतं. अर्धा लिटर दूध-दही पोटात गेलं तर जेमतेम तेवढं होतं, तेही पचलं तर. म्हणून एकदा उतरलेला आकडा नुसत्या दुधानं वर येत नाही. गोळी किंवा इंजेक्शन लागतं. दूध-दही हवं ते आकडा पुन्हा खाली जाऊ नये म्हणून. आणखी एक, बी-12 न तपासता नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आतून चालूच राहते.

गोळ्यांच्या यादीत झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा लघवी आवरण्याच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. यातल्या काहींनी म्हातारपणी डोकं जड होतं, गोंधळ उडतो.

पायरी 3: भाकरी तीच ठेवा, सोबत बदला

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ज्वारीची भाकरी आपल्याला नवी नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच तंतू असतो. तंतूमुळे साखर हळू चढते, पोट साफ राहतं. "आता वय झालं, मऊ पोळी नाहीतर ब्रेड देऊ" असं म्हणून भाकरी बंद करू नका. चावत नसेल तर आपली जुनी रीत आहेच: कडक भाकरी चुरायची, वर गरम आमटी ओतायची आणि पाच मिनिटं झाकून ठेवायची. चहात चुरली तर पोटात जातो नुसता पिष्टमय पदार्थ आणि साखर. आमटीत किंवा दुधात चुरली तर तीच भाकरी पुरं जेवण होते.

उतारवयात प्रथिनं कमी नाही, थोडी जास्तच लागतात: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे 50 किलोच्या आईला 50 ते 60 ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. बाकीच्यांनी असा हिशेब धरावा. मध्यम आकाराच्या तीन भाकरींचे 15 ग्रॅम. दोन वाट्या घट्ट आमटी किंवा मटकीची उसळ, 14. पाव लिटर दूध, 8. एक वाटी दही, 5. मूठभर शेंगदाणे किंवा त्यांचं कूट, 7. झाले 49. एक अंडं घातलं तर 55. शाकाहारी घरात अंड्याच्या जागी आणखी एक वाटी आमटी किंवा पनीरचे चार तुकडे. अंडं चालत असेल तर मात्र बलकासकट द्या. मेंदूला लागणारं कोलिन त्या पिवळ्यातच असतं.

आमटी घट्ट हवी, हे पुन्हा सांगते. वरचं पाणी ज्येष्ठांना आणि तळची डाळ मुलांना, असं पुष्कळ घरांत होतं. करमाळ्याकडच्या बाजार आमटीसारखी चार-पाच डाळी एकत्र शिजवलेली आमटी तिखट आणि तेल कमी करून केली, तर म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोयीचं काही नाही. दात नसतील तर हुलग्याचं माडगं करा. हुलगा भाजून दळायचा, दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, वर लसूण-जिऱ्याची फोडणी. आईला रात्री हेच जातं, आणि "पोट जड होतं" ही तक्रार गेली. सकाळी खारीच्या जागी ज्वारी, हरभऱ्याचं पीठ आणि मेथी घातलेलं एक धपाटं, सोबत दही.

पायरी 4: रोज एक वाटी पालेभाजी

मेंदूसाठीच्या आहारावर जगभर जो अभ्यास झाला, त्यात पालेभाजी सतत वर येते. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली 'माइंड' नावाचा आहार मांडला: पालेभाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे-सुकामेवा, बेरीवर्गातली फळं, मासे, आणि लोणी, चीज, तळकट, गोडधोड कमी. त्यांच्याच गटानं 2018 साली 960 ज्येष्ठांच्या नोंदी तपासल्या. रोज साधारण एक वाढणी पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती न खाणाऱ्यांच्या मानानं हळू ओसरत होती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, पालेभाजीमुळेच तसं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही. 2023 साली याच आहाराची तीन वर्षांची प्रत्यक्ष चाचणी जाहीर झाली, तेव्हा तो पाळणारे आणि नुसतं बेतानं खाणारे यांच्यात ठळक फरक दिसला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. पालेभाजीनं रक्तदाब, साखर आणि पोट सांभाळलं जातं, आणि वीस रुपयांच्या जुडीत यापेक्षा जास्त काय मागायचं?

ऑलिव्ह तेल आणि परदेशी बेरी शोधत फिरू नका. लक्ष्मी मंडईत सकाळी लवकर जा. थंडीत करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, चाकवत, मेथी. पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, अंबाडी. शेवग्याचा पाला बहुतेक वर्षभर, बरेचदा दारातलाच. भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि शिजवलेलं पाणी ओतू नका. फोलेट हे जीवनसत्त्व त्याच पाण्यात उतरतं. ज्यांना चावत नाही त्यांच्यासाठी डाळ घालून घोटलेली पातळ भाजी. बेरीच्या जागी मोसमात जांभळं, बोरं, आणि आपलं डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याकडेच आहे. डाळिंब दाणे सोलून खावं. रस काढला की तंतू जातो आणि साखर झटकन चढते.

रक्त पातळ करणारी वॉरफरीनसारखी गोळी चालू असेल तर थांबा. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाचा त्या गोळीवर परिणाम होतो. अशांनी भाजी बंद करायची नाही, पण एकदम वाढवायचीही नाही. डॉक्टरांना सांगून दर आठवड्याला सारखंच प्रमाण ठेवायचं.

पायरी 5: चटणी ठेवा, मीठ काढा

शेंगा चटणीवर माझा जीव आहे आणि ती सोडा असं मी सांगणार नाही. शेंगदाण्यात चांगली चरबी, प्रथिनं, ई जीवनसत्त्व सगळं आहे. अडचण मिठाची. दिवसभराचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आपल्या ताटात चटणी, लोणचं, पापड, खारी आणि भाजीवर वरून मीठ, असं सगळं एकत्र येतं. रक्तदाब वाढतो, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात आणि त्या पुन्हा नीट होत नाहीत.

आम्ही काय केलं ते सांगते. चटणीत मीठ निम्मं, लसूण आणि जिरं दीडपट. दाणे खरपूस भाजायचे. भाजणं नीट झालं की मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही. एका जेवणाला दोन चमचे, ताटाच्या कडेला वाढून, डबा पुन्हा फडताळात. विकतची चटणी घेत असाल तर पाकिटावर सोडियमचा आकडा बघा: 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे सरळ टाकून द्या. त्यातलं विष भाजून जात नाही आणि ते यकृताला घातक असतं.

चटणी रोज शेंगांचीच हवी असं नाही, एक दिवसाआड जवसाची करा. जवसात ओमेगा-3 ही मेंदूला लागणारी चरबी आहे. ते वनस्पतीतलं असल्यानं मेंदूला हव्या त्या रूपात शरीर त्यातलं थोडंच बदलू शकतं, तरी शाकाहारी घराला हाच मोठा आधार. जवस अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं, ते कुटावंच लागतं. मंद आचेवर भाजा, तडतडायला लागलं की लगेच उतरवा, गार झाल्यावर लसूण, तिखट, चिमूटभर मीठ घालून कुटा. आठ दिवसांपुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं जवसाचं कूट बघता बघता खवट होतं. खवट वास आला की टाकून द्या.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा कालवण करावं. उजनीची चिलापी, रोहू प्रथिनांसाठी चांगले. ओमेगा-3 जास्त असतं ते बांगडा आणि तारलीत. तळू नका.

पायरी 6: पाणी घड्याळ बघून

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. पारा 42-43 वर गेलेला आणि घरातलं म्हातारं माणूस म्हणतं, "तहानच नाही." दुपारी तेच माणूस असंबद्ध बोलायला लागतं. उठल्यावर एक पेला, प्रत्येक गोळीबरोबर एक, अकराला ताक, चारला चहाच्या आधी पाणी, संध्याकाळी ज्वारीची आंबील. रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून पुष्कळजण दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना सांगा की संध्याकाळी सातपर्यंत सगळं पिऊन घ्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या.

पायरी 7: उपवासाच्या दिवसाची आखणी

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी घराघरात. साखरेच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला की साखर एकदम उतरते. घाम, थरथर, बडबड, कधी बेशुद्धी. असं वारंवार झालं तर मेंदूला इजा होते. उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवा. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनीही तसंच. आणि साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही. भगर, राजगिऱ्याची भाकरी, दही, दाण्याची आमटी असा उपवास केला तर व्रतही राहतं आणि पोटही.

कशावर पैसे घालवू नयेत

स्मरणशक्तीच्या पावडरी आणि कॅप्सूल. जिंकगो बिलोबा त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. अमेरिकेत 75 च्या पुढच्या तीन हजारांवर माणसांवर त्याची मोठी चाचणी झाली, निकाल 2008 साली आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. महिन्याला तेवढेच पैसे दूध, अंडी, डाळ यांवर घाला, नाहीतर कानाच्या यंत्रासाठी साठवा. ऐकू येत नसलेला माणूस बोलणं सोडतो, आणि मग जेवायलाही सगळ्यांत येऊन बसत नाही.

फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे सगळं एकत्र. 2015 च्या निकालात त्या गटाची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरली. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं सकाळी चालून येणं, मग धपाटं-दही, मग वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, एवढं जमलं तरी त्यातलं बरंचसं झालं.

कधी थांबायचं नाही

काल ठीक असलेलं माणूस आज अचानक गोंधळलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर घरी लिंबू-सरबत करत बसू नका. 108 ला फोन करा. मधुमेही असेल तर गाडी येईपर्यंत साखर मोजा; कमी असेल आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तरच साखरपाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

बाकीच्यांनी तीन महिन्यांनी बी-12, साखर आणि रक्तदाब पुन्हा तपासावा आणि वही घेऊनच डॉक्टरांकडे जावं. आईची वही आता ती स्वतः लिहिते. परवाच्या पानावर होतं: "रात्री माडगं एक वाटी, भाकरी एक, दूध. करडईची भाजी उरली, उद्या थालीपिठात घालणे."